सामुराई वर्गाचा अस्त आणि बुशिदोचा उदय : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

सामुराई योद्धा आणि ‘बुशिदो’ ही त्याची आचारसंहिता यांचा उल्लेख नेहमी एकत्रच केला जातो. वस्तुतः या संहितेला राष्ट्रव्यापी प्रतिष्ठा लाभली ती हा वर्ग नष्ट झाल्यानंतर. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा मागोवा घेतला आहे.

योद्ध्याचा कारकून

इ.स. ११९२ मध्ये मिनामोतो योरितोमो याला शोगुन ही पदवी मिळाली आणि कामाकुरा येथील योद्ध्यांच्या सत्तेला राजमान्यता लाभली. इ.स. १५८८ मध्ये तोयोतोमी हिदेयोशीने शेतकऱ्यांची शस्त्रे जप्त केली. शस्त्र धारण करणारे आणि शेती करणारे यांच्यातील रेषा त्यामुळे पक्की झाली. इ.स. १६०३ मध्ये तोकुगावा शोगुनशाही स्थापन झाली. तिच्या दीर्घ शांततेच्या काळात बहुतेक सामुराई सरंजामदारांच्या किल्ल्यांभोवतीच्या नगरांत राहू लागले. त्यांचे वेतन तांदळात ठरे. ‘कोकु’ हे त्याचे माप सुमारे १८० लिटरचे होते. युद्धे थांबल्याने ते हिशेबनीस, कारकून व शिक्षक झाले. कनिष्ठ सामुराई अनेकदा व्यापाऱ्यांचे कर्जदार बनले. मृत्यूविषयीच्या निर्भयतेचा गौरव करणारा ‘हागाकुरे’ हा ग्रंथ अठराव्या शतकाच्या आरंभी याच शांततेत सिद्ध झाला. तो सांगणारा यामामोतो त्सुनेतोमो कधीही रणांगणावर लढला नव्हता, ही बाब लक्षणीय आहे.

स्वकीयांकडून अंत

इ.स. १८६८ च्या मेइजी सत्तांतराचे ओकुबो, किदो व साइगो हे प्रमुख नेते स्वतः सामुराई होते. तरीही नव्या राजवटीने १८७१ मध्ये सरंजामी प्रांत बरखास्त केले, १८७३ मध्ये सक्तीची सैन्यभरती सुरू केली आणि १८७६ मध्ये तलवार बाळगण्यास बंदी घालून वंशपरंपरागत वेतनांचे सरकारी रोख्यांत रूपांतर केले. या वेतनांचा भार पेलणे राज्याच्या तिजोरीला अशक्य झाले होते. सरकारातून बाहेर पडलेल्या साइगो ताकामोरीच्या नेतृत्वाखाली १८७७ मध्ये सात्सुमा येथे उठाव झाला. सामान्य घरांतील तरुणांचा भरणा असलेल्या नव्या सैन्याने तो मोडून काढला.

वारशाची पुनर्रचना

याच साइगोला १८८९ मध्ये मरणोत्तर क्षमा करण्यात आली आणि १८९८ मध्ये तोक्योतील उएनो येथे त्याचा पुतळा उभारला गेला. निरुपद्रवी झालेला बंडखोर आता राष्ट्रपुरुष ठरला. इ.स. १९०० मध्ये नितोबे इनाझो यांचा बुशिदोवरील ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. सामुराई कुळात १८६२ साली जन्मलेल्या नितोबे यांनी पाश्चात्त्य वाचकांसाठी जपानी नीतीची मांडणी केली. पुढे लष्करी शिक्षणात मात्र आज्ञापालन व आत्मबलिदान यांवरच भर देण्यात आला.

निष्कर्ष

सामुराईची निष्ठा आपल्या धन्याशी असे आणि त्या बदल्यात त्याला वेतन व मान मिळे. आधुनिक राज्याने हे देणे बंद केले. निष्ठा मात्र सम्राटाच्या नावे प्रत्येक नागरिकाकडून मागितली. १९४५ पर्यंत तिची किंमत प्रामुख्याने अशा सैनिकांनी मोजली, ज्यांच्या पूर्वजांना तलवार बाळगण्याचा अधिकारही नव्हता. म्हणून एखाद्या परंपरेचे प्राचीनत्व तपासताना ती केव्हा, कोणी व कोणासाठी शब्दबद्ध केली, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने प्रथम विचारावयास हवा.