सर्व्हर सुरूच होत नाहीये? 'फॉरमॅट मारा' म्हणण्याआधी हे वाचा

चाळीसगावातल्या एखाद्या पतसंस्थेचा सर्व्हर सकाळी सुरूच झाला नाही आणि दुरुस्त करणारा जळगावहून किंवा नाशिकहून यायचा असेल, तर अर्धा दिवस गेलाच. तोवर कुणीतरी सांगतं, "फॉरमॅट मारून टाका." बिघाड सेटिंग चुकल्यामुळे झाला असेल तर हाच सल्ला सगळ्यात महागात पडतो. अशा वेळी खातेदारांचा डेटा बहुधा डिस्कवर शाबूत असतो, चुकलेली असते एखादी ओळ किंवा फाइल.

19 जुलै 2024 आठवतोय? मुंबई विमानतळावर चेक-इनचा खोळंबा झाला होता, देशात काही ठिकाणी तर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कारण होतं क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी आलेली एक सदोष कॉन्फिगरेशन फाइल. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरात सुमारे 85 लाख विंडोज यंत्रं त्यामुळे बंद पडली.

कंपनीने ती फाइल 78 मिनिटांत मागे घेतली. पण जे यंत्र सुरूच होत नाही, त्याच्यापर्यंत इंटरनेटवरून दुरुस्ती पोहोचणार कशी? बऱ्याच ठिकाणी माणसाला यंत्रासमोर बसून, सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल डिलीट करावी लागली. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर आधी 48 आकडी रिकव्हरी की हवी. ती कुठे लिहून ठेवलेली नसेल, तर काम तिथेच अडतं.

लिनक्स सर्व्हरवर हाच घोळ 'एफस्टॅब' नावाच्या फाइलमुळे होतो. कोणती डिस्क कुठे जोडायची, हे त्यात लिहिलेलं असतं. जुनी डिस्क काढली आणि तिची ओळ तशीच राहिली, की सर्व्हर साधारण दीड मिनिट तिची वाट पाहतो आणि 'इमर्जन्सी मोड'मध्ये जाऊन थांबतो. नाव भीतीदायक आहे, पण खरं तर ही दुरुस्तीचीच खोली. रूट पासवर्ड टाकून आत जायचं, फाइल उघडायची, त्या ओळीच्या सुरुवातीला # टाकायचं, सेव्ह करून रीस्टार्ट. सेव्ह होत नसेल तर डिस्क 'रीड-ओन्ली' आहे, ती आधी रीड-राइटमध्ये पुन्हा माउंट करावी लागते. पासवर्डच माहीत नसेल, तर पेनड्राइव्हवरच्या लाइव्ह लिनक्सवरून हीच फाइल दुरुस्त करता येते.

फोनवरून मदत मागताना 'सर्व्हर बंद पडलाय' एवढंच सांगू नका. स्क्रीनचा फोटो पाठवा आणि शेवटचा बदल कुणी, काय केला होता तेही सांगा.