चिचुंद्रीतला विषाणू आणि भातकापणीचा ताप



उंदराचा विषय निघाला की आपण नासाडीचा हिशेब मांडतो. कणगीला भोक पडलं, बियाण्याची मुडी कुरतडली, बांध पोखरला. आमची पत्रकंही बहुधा तिथंच थांबतात. पण उंदीर आणि आजार यांचा इतिहास आपल्या मुलखात जुना आहे. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग निघाला. १९९४ साली बीड जिल्ह्यात तो पुन्हा दिसला. प्लेग येतो उंदरावरच्या पिसवांमधून. लेप्टो येतो उंदराच्या मुतानं बाटलेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेवाटे. कापडे, पोलादपूर, महाडकडच्या भातखाचरांत राबणाऱ्याला हे सांगायला नको. तिसरा प्रकार मात्र फारसा कुणाच्या कानावर नसतो. तो हंता विषाणूचा.

त्याची हकीगत कोरियात सुरू होते. १९५० ते १९५३ च्या लढाईत तिथं तीन हजारांवर सैनिकांना विचित्र ताप आला. अंगात रक्तस्राव होई, मूत्रपिंडं निकामी होत. पुढं लढाई संपली, ताप संपला नाही. तो शेतकऱ्यांना होऊ लागला, आणि तोही मुख्यत्वे शरदात, भातकापणीच्या दिवसांत! हो वांग ली या कोरियन शास्त्रज्ञानं १९७६ साली पाठीवर पट्टा असलेल्या शेतउंदराच्या फुप्फुसात त्याचं मूळ शोधलं. जवळच्या हंतान नदीवरून विषाणूला नाव पडलं. उंदराची लघवी, लेंड्या, लाळ वाळते, धुळीत मिसळते आणि ती धूळ श्वासातून आत जाते. ना पिसवा लागते, ना पाणी.

आता गंमत पाहा. या शोधाच्या बारा वर्षं आधी, १९६४ साली, तमिळनाडूत वेल्लोरला मेंदूज्वराचा तपास चालू असताना एका चिचुंद्रीत एक विषाणू सापडला होता. तिथल्या तोट्टापालयम भागाचं नाव त्याला दिलं गेलं. तो हंताच्याच कुळातला, हे १९८० नंतरच्या काळात ठरलं. म्हणजे या कुळातला पहिला विषाणू हाती लागला तो आपल्या देशात. ओळख तेवढी पटली नव्हती.

आणि चिचुंद्री हा उंदीर नव्हेच. ती किडे-झुरळं खाणारी, वेगळ्या कुळातली. २००७ साली तिच्या विषाणूचा सगळा वंशमजकूर वाचला गेला, तेव्हा तो उंदरांतल्या हंतापासून फार दूरचा निघाला. जया, रत्ना आणि कर्जत-१८४ ही एकाच भाताची वाणं. पण भात आणि नाचणी? हा फरक तसला आहे. या विषाणूंचा वंशमजकूर तीन तुकड्यांत असतो आणि बहुधा एकेक विषाणू एकेका प्राण्याला धरून राहतो. पुढं इतर चिचुंद्र्यांत आणि वटवाघळांतही या कुळाचे विषाणू मिळाले. त्यामुळं हे कूळ फक्त उंदरांचं, ही जुनी समजूत मागं पडली.

चिचुंद्रीच्या विषाणूची माणसांत कधी साथ आलेली नाही, तेव्हा तिच्यामागं काठी घेऊन लागू नका. पण वेल्लोर भागात उंदीर पकडणारे इरुळा लोक आणि धान्यगोदामातले कामगार यांचं रक्त तपासलं, तेव्हा काहींच्या रक्तात हंताच्या संसर्गाच्या खुणा मिळाल्या. गोदाम आणि आपला माळा यांत फरक तो किती?

भात घरात यायच्या आधी आपण माळा, कणगी झाडतो. कोरड्या झाडूनं धुरळा उडवतो, हेच नको. दारं-खिडक्या अर्धा तास उघडी ठेवा. लेंड्यांवर ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडा, थोडा वेळ मुरू द्या, मग ओल्या फडक्यानं पुसून घ्या. मेलेला उंदीर उघड्या हातानं उचलू नका. तोंडाला बांधलेल्या रुमालावर फार भरवसा नको, बारीक धूळ त्यातून जाते.

कापणी-झोडणीनंतरच्या आठवड्यांत जोराचा ताप, कंबरदुखी आली, लघवी कमी झाली किंवा धाप लागली, तर अंगावर काढू नका. लेप्टोचीही सुरुवात अशीच होते आणि लेप्टोवर औषध आहे, ते वेळेत मिळायला हवं. हंतावर खास औषध नाही, पण मूत्रपिंडं सांभाळण्याचे उपचार दवाखान्यातच होतात. डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा, की माळा झाडला होता, उंदरांची बिळं खणली होती.