नदीच्या अलीकडचे गोवे

शिरोड्याहून रेडीवरून निघालो आणि एकही नदी न ओलांडता आमची मोटार गोव्यात शिरली, तेव्हा बरोबरची भाची म्हणाली, “मामा, गोवा तर नदीच्या पलीकडे ना?”

पोरीचा भूगोल पक्का होता. तेरेखोल नदी ही इकडची हद्द. मग तिच्या उत्तर तीरावरचा हा किल्ला आणि त्याच्या आडोशाचे इवलेसे गाव गोव्याचे कसे?

किल्ला मूळचा सावंतवाडीकर भोसल्यांचा. 1746 साली पोर्तुगीजांनी तो घेतला. गंमत अशी, की समोरच्या तीरावरचा पेडणे महाल कायमचा त्यांच्या हाती आला तो 1788 साली. म्हणजे उंबरठा आधी आणि घर मागाहून! नदीच्या मुखावरचे असे ठाणे, एकदा मिळाल्यावर सोडतो कोण?

खुष्कीने गाठता येणारी हीच जागा पुढे सत्याग्रहींनी हेरली असावी. 15 ऑगस्ट 1954 रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली ते किल्ल्यात शिरले, तिरंगा चढवला आणि कैद झाले. 1961 साली गोवा मुक्त झाला, 1967 च्या जनमत कौलात वेगळा राहिला. तेरेखोलची जुनी हद्द मात्र जागची हलली नाही.

त्या किल्ल्याचे पुढे हॉटेल झाले. खोल्यांना वारांची नावे! तटावरून केरीची वाळू पाहिली की डोळ्यांचे पारणे फिटते, हे मी कबूल करतो. पण वर पठारावर काजूची झाडे आणि कुळांच्या जमिनी. तिथे गोल्फचे मैदान करण्याची योजना निघाली, तेव्हा गावकरी अडून बसले. प्रकरण न्यायालयात गेले. पाहुण्यांना मोकळे पठार दिसते, गावाला त्यात वर्षाची बेगमी दिसते. मला गावाचे म्हणणे पटते.

धक्क्यावर एक आजोबा भेटले. कचेरीच्या कामासाठी पेडण्याला निघालेले. ओहोटीमुळे फेरी थांबलेली. “आरोंद्याच्या पुलावरून वळसा घातला तर?” मी विचारले.

“म्हणजे गोव्यातून गोव्यात जायला महाराष्ट्र ओलांडायचा,” ते हसून म्हणाले, “आणि मोटारभाडे कोण देणार?”

भरतीला अजून तासभर अवकाश होता. भाचीने डबा उघडून त्यांच्या हातावर करंजी ठेवली. कागदांची पिशवी मांडीवर सावरून आजोबा ती सावकाश खाऊ लागले.