हिरकणीचें उत्तरवय

रायगडाच्या पायथ्याशीं हिरकणीवाडी म्हणून एक लहानशी वस्ती आहे. हल्लीं गडावर जाणारा पाळणा तेथूनच सुटतो, आणि प्रवाशांची गर्दी वाडीकडे फारसें न पाहतां वर निघून जाते. नांवामागची कथा मराठी घरांत लहानथोरांस ठाऊक आहे: कोजागिरीच्या सायंकाळीं गडाचे दरवाजे लागले, दूध घालावयास आलेली गवळण वर अडकली, आणि घरीं तान्हें मूल आहे म्हणून ती अंधारांत कडा उतरून गेली. पुढें त्या कड्यावर बुरूज झाला. कथा लोकमुखांतली आहे. कागदपत्रांचा आधार मागणारानें तिच्या वाटेस न गेलेलें बरें. आमचें कुतूहल निराळें आहे. ही हिरकणी पुढें पन्नाशीची झाली असेल. तेव्हां तिच्या देहाचें काय झालें, हें विचारण्याचें कोणास सुचलें नाहीं. मातेचा गौरव करावयाचा आणि मातृत्वाचें वय संपलें कीं त्या देहाविषयीं मौन धरावयाचें, ही आमची जुनी रीत आहे.

जुन्या वैद्यांनीं मात्र ही वेळ नोंदली होती. ऋतुकाल बाराव्या वर्षीं सुरू होऊन पन्नाशीस ओसरतो, असें सुश्रुतानें लिहिलें. चरकानें सांगितलेल्या वीस योनिव्यापदांत ‘शुष्का’ नांवाची एक आहे, जरी तिचें कारण त्यानें वयांत शोधलें नाहीं. आणि औषधी तेलांत भिजविलेला कापसाचा पिचु आंत ठेवण्याचा उपायहि त्याच ग्रंथांत आहे. जेथें दुखतें तेथेंच औषध ठेवावें, ही कल्पना या देशास अपरिचित नव्हती.

दुखतें कां, हें कळावयास विसावें शतक उजाडावें लागलें. १९२३ सालीं अमेरिकेंत ॲलन व डॉइझी यांनीं बीजकोशांतील द्रवांत एक प्रभावी अंतःस्राव असल्याचें दाखविलें. १९२९ सालीं डॉइझी व जर्मनींतील बुटेनांट या दोघांनीं तो गर्भिणींच्या मूत्रांतून स्फटिकरूपानें निराळा काढला. हेंच इस्ट्रोजेन. पाळी गेल्यावर तें उणावतें आणि योनिमार्गाचें अस्तर पातळ व कोरडें होतें. अस्तरांतील ग्लायकोजेनवर जगणारे उपकारक जंतु तेथील आम्लता राखीत असतात. ग्लायकोजेनाबरोबर तेहि ओसरतात, आणि बाहेरच्या जंतूंस मूत्रमार्गाची वाट मोकळी होते. मग जळजळ, खाज, समागमांत वेदना, वारंवार लघवीची घाई व पुनःपुन्हां होणारा संसर्ग. अंगांतून वाफा येण्याचा त्रास बहुधा कांहीं वर्षांनीं शमतो. हा मात्र उपचारावांचून वाढत जातो. डोक्यावर ताकाचें मडकें घेऊन गड चढणाऱ्या बाईस तो काय जाच असेल, याची कल्पना शहरांतील वाचकासहि करतां येईल.

औषध सांपडलें, पण त्याचा पुढील इतिहास अतिरेकाचा आहे. १९४२ सालीं अमेरिकेंत गाभण घोडींच्या मूत्रापासून केलेल्या गोळ्या विक्रीस आल्या. १९६६ सालीं डॉ. रॉबर्ट विल्सन यांनीं चिरतारुण्याचें आश्वासन देणारें पुस्तक लिहिलें, व रजोनिवृत्ति हा जणूं रोगच ठरला. १९७५ सालीं कळलें कीं, नुसतें इस्ट्रोजेन पोटांत घेतल्यानें गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. २००२ सालीं तर १६,००० हून अधिक स्त्रियांवरील एक मोठा अमेरिकन प्रयोग मध्येंच थांबविण्यांत आला. दुहेरी संप्रेरकांची गोळी घेणाऱ्या दर दहा हजार स्त्रियांमागें वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे सुमारें आठ रोगी अधिक आढळले. पक्षाघात व रक्ताच्या गुठळ्याहि वाढल्या. त्या स्त्रियांचें सरासरी वय ६३ होतें, हें मात्र गडबडींत फार थोड्यांनीं वाचलें.

येथें, आमच्या मतें, मोठा अन्याय झाला. पोटांत घ्यावयाच्या गोळीवरचा धोक्याचा इशारा योनिमार्गांत ठेवावयाच्या अल्प औषधावरहि जसाच्या तसा छापला गेला. वास्तविक दहा मायक्रोग्रॅमची गोळी प्रथम दोन आठवडे रोज व पुढें आठवड्यांतून दोनदां ठेवली, तर वर्षभरांत जेमतेम सव्वा मिलिग्रॅम औषध लागतें. पोटांत घेण्याची एकच गोळी पुष्कळदां एक मिलिग्रॅमची असते! १९९३ सालीं राज व स्टॅम यांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें मलम लावणाऱ्यांस लघवीचा संसर्ग वर्षांत सरासरी अर्धा वेळ झाला, इतरांस सुमारें सहा वेळां. २०१८ सालीं त्याच अमेरिकन योजनेंतील स्त्रियांच्या निरीक्षणांत हें औषध वापरणाऱ्यांत कर्करोग वा हृद्रोग वाढलेला दिसला नाहीं. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्यें अमेरिकन औषधखात्यानें तो चौकटींतील इशारा काढण्याचें जाहीर केलें. मधल्या वीसबावीस वर्षांत किती स्त्रियांनीं वेष्टनावरची ती चौकट पाहून औषध कपाटांत ठेवून दिलें असेल!

आमच्याकडे तर त्या चौकटीपूर्वीं लाज आडवी येते. स्त्रिया आपलें दुखणें पुरुष डॉक्टरांस सांगत नाहींत, म्हणून स्त्री-डॉक्टर हव्यात, असें आनंदीबाई जोशी १८८३ सालींच श्रीरामपूरच्या सभेंत म्हणाल्या होत्या. १९२७ च्या मार्चांत हिरकणीवाडीहून फार दूर नसलेल्या महाडास चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, आणि त्याच वर्षीं जुलैंत र. धों. कर्वे यांनीं मुंबईस ‘समाजस्वास्थ्य’ काढलें. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरें दिलीं म्हणून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हां १९३४ सालीं त्यांची बाजू मांडावयास उभे राहिले ते महाडच्या तळ्याचे डॉ. आंबेडकरच. खटला हरला, पण प्रश्न विचारणें हा गुन्हा नव्हे, हें निदान कोर्टांत कोणी बोललें.

तेव्हां प्रश्न विचारावा, आणि तो औषधाच्या दुकानांत नव्हे. खाज म्हणून त्वचेचें मलम आणून लावणें घातक. वर्षभर पाळी बंद राहून नंतर रक्त दिसल्यास प्रथम तपासणी. तिच्यापूर्वीं हें औषध नको, आणि उपचार चालू असतां दिसलें तरी तेंच. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीनें आपल्या कर्करोगतज्ज्ञास विचारल्यावांचून वापरूं नये. तिला आधीं संप्रेरकरहित ओलावा देणारीं औषधें दिलीं जातात. मलम असेल तर मापाच्या नळीनें सांगितलें तेवढेंच घ्यावें. अधिक घेतल्यास तें रक्तांत उतरूं लागतें, आणि मग अल्प मात्रेचा भरंवसा राहत नाहीं. समागमाच्या आधीं वंगण म्हणूनहि तें वापरूं नये. रात्रीं निजतांना ठेवावें. पूर्ण गुण यावयास बारा आठवडेहि लागतात. बंद केल्यास त्रास बहुधा परत येतो, म्हणून तें पुष्कळदां वर्षानुवर्षें चालवावें लागतें, व मधून मधून डॉक्टरीणबाईंस दाखवून तेंच प्रमाण ठेवावें कीं कमी करावें, हें ठरवून घ्यावें लागतें.