कवडशातला जंतू

मी आयुष्यभर मराठी शिकवले. सूक्ष्मदर्शकाविषयी बोलण्याचा माझा अधिकार तो किती! परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, त्यांनी याच शाळेत कौलांतून उतरलेला कवडसा दाखवून आम्हांला विचारले होते, "हे धूलिकण अंगणातल्या उन्हात का दिसत नाहीत?" खोलीत कणांच्या मागे अंधार असतो, अंगणात नसतो, एवढे उत्तर आम्ही कसेबसे दिले. त्याचे मोल मला पुष्कळ उशिरा, उपदंशाचा इतिहास वाचताना कळले.

या रोगाचा कलंक प्रत्येकाने शेजाऱ्याच्या माथी मारला. इटलीत तो फ्रेंचांचा रोग, फ्रान्समध्ये नेपल्सचा. आपल्या 'भावप्रकाशा'त तो 'फिरंग' झाला. त्याचा जंतू मात्र १९०५ पर्यंत हाती लागला नव्हता. त्या वर्षी ३ मार्च रोजी बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात, एरिख हॉफमन या त्वचारोगतज्ज्ञाने दिलेल्या नमुन्यात प्राणिशास्त्रज्ञ फ्रिट्झ शाउडिन यांना तो दिसला. मळसूत्रासारखा पीळदार, जाडी मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाहूनही कमी, आणि इतका पारदर्शक की त्याला 'पॅलिडा', म्हणजे फिकट, हेच नाव मिळाले. नेहमीचे रंग त्याच्यावर चढत नसत; गीम्साच्या रंगाने तो उमटे, पण वाळवून, मारून.

१९०६ मध्ये व्हिएन्नात कार्ल लांडस्टायनर आणि व्हिक्टर मुखा यांनी वेगळी वाट धरली. खालून सरळ येणारा प्रकाश अडवायचा आणि नमुन्यावर तो फक्त कडेने, तिरपा पाडायचा. हा तिरपा प्रकाश वरच्या भिंगात शिरत नाही. जंतूवर आपटून विखुरलेला तेवढाच शिरतो. युक्ती नवी नव्हती. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस वेनम यांनी ती १८५० च्या दशकातच वापरली होती. 'प्रकाश टाकणे' हा आम्हां मराठीच्या अध्यापकांचा लाडका वाक्प्रचार. येथे तो काढून घ्यावा लागला!

काळ्याभोर क्षेत्रात आता जिवंत जंतू चमकू लागला: स्वतःभोवती फिरणारा, मध्येच वाकणारा. ही चालच त्याची ओळख. म्हणून व्रणातील द्रव काढताच पाहावा लागे. पण काही मिनिटांत निदान होई, आणि तेही रक्ताची वासरमान चाचणी पुष्कळदा काहीच सांगत नसे अशा पहिल्या आठवड्यांत. १९१० मध्ये एर्लिख यांचे साल्व्हार्सान बाजारात आले, तेव्हा या आठवड्यांना खरी किंमत आली. तोवर वैद्यांची मुख्य भिस्त पाऱ्यावरच होती.

शाउडिन यांना यातले फारसे पाहता आले नाही. जून १९०६ मध्ये, अवघे ३४ वर्षांचे असताना, ते वारले.