कवळाण्याचा मुलगा, बडोद्याची आई

नाशिक जिल्ह्यात शाळेत इतिहास शिकवताना मी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचा धडा त्यांच्या दत्तक आई जमनाबाईंपासून सुरू करते. मुलांना आधी नवल वाटते.

सयाजीरावांचे मूळ नाव गोपाळराव. ते जन्मले १८६३ मध्ये, मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावी. वडील काशीराव, आई उमाबाई, घर शेतकऱ्याचे. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हाररावांना बडोद्याच्या गादीवरून दूर केले आणि खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंना दत्तक घेण्याची परवानगी दिली. कवळाण्याहून आणलेल्या मुलांतून त्यांनी गोपाळ निवडला. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि गोपाळचा सयाजीराव झाला.

बारा वर्षांच्या त्या मुलाला धड अक्षरओळखही नव्हती. दिवाण टी. माधवराव आणि शिक्षक इलियट यांनी त्याला घडवले, हे पुस्तकात असते. पण परक्या वाड्यात त्याला आईची माया देणाऱ्या जमनाबाईंच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते. पोटचा मुलगा दुसरीच्या ओटीत घालणाऱ्या उमाबाईंना तर तीही मिळत नाही. पुढे याच मुलाने १९०६ मध्ये बडोदा संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले.

दत्तकाच्या नात्याला निदान वारसाहक्क असतो. पण आज राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेत दुसऱ्याचे लेकरू सांभाळणाऱ्या मावशी-काकांचे तर कुठे नावही घेतले जात नाही. म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे: शाळेच्या समारंभात अशा पालकांना पहिल्या रांगेत बसवा आणि त्यांचे नाव मोठ्याने घ्या.