वाटाड्याचा आवाज आणि काठावरचा श्रोता

ज्या जिल्ह्यास समुद्र नाही, बंदर नाही, आणि जेथील गोदावरीत होडीपेक्षा मोठे काही चालत नाही, त्या परभणी जिल्ह्यातील माणसांनी आगबोटीच्या उतारूंच्या कानातील यंत्राचा विचार कशासाठी करावा, असे कोणीही विचारील. प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर इतकेच, की हे यंत्र आज जरी श्रीमंत प्रवाशाच्या गळ्यात लोंबकळताना दिसत असले, तरी सार्वजनिक कामात त्याचा पहिला उपयोग झाला तो कामगारांच्या परिषदेत. जी वस्तू आपल्या घरातून बाहेर पडली आणि दुसऱ्याच्या वाड्यात मोठी झाली, तिची हकीकत आपणांस ठाऊक असलेली बरी.

प्रथम ती वस्तू काय आहे ते सांगतो. हौसेने समुद्रपर्यटन करणाऱ्यांची मोठी जहाजे, ज्यांस आता सर्वजण क्रूझ म्हणतात, ती एखाद्या बंदरात सकाळी लागतात आणि बहुधा संध्याकाळी सुटतात. तेवढ्या वेळात उतारूंच्या टोळ्या करून त्यांस गाव दाखवावयाचे असते. एका गाइडमागे तीसचाळीस माणसे असतात. गाइडच्या कमरेला एक लहान प्रक्षेपक आणि तोंडापाशी मायक्रोफोन असतो. प्रत्येक उतारूच्या गळ्यात आगपेटीहून थोडा मोठा ग्राहक आणि एका कानात बोंडूक असते. सर्वांनी एकच चॅनेल लावला, की गाइड हळू बोलला तरी पाचपन्नास पावलांवरच्या माणसास तो कानाशी बोलल्यासारखा ऐकू येतो. दुसरा कान मोकळा ठेवतात, कारण रस्त्यावर मोटारीचा भोंगाही ऐकू यावा लागतो. फेरी संपली, की संच परत द्यावयाचा.

आपल्याकडे या गोष्टीचे योग्य ठिकाण म्हणजे मुंबईजवळची घारापुरी. गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने सुमारे तासाभराची वाट, मग शेसव्वाशे पायऱ्यांची चढण, आणि वर ती लेणी. समुद्रावरून येणाऱ्या परक्या माणसास या लेण्यांची ओढ फार जुनी आहे. 1563 साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथात त्यांचे वर्णन आहे. 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि विलायतेहून मुंबईचे अंतर तुटले. 1872 साली टॉमस कुक हा प्रवासाचा व्यापारी पृथ्वीप्रदक्षिणेची पहिली सहल घेऊन निघाला, तो हिंदुस्थानातून गेला. 1875 साली इंग्लंडचा युवराज आला, तेव्हा त्यास या लेण्यांतच मेजवानी देण्यात आली. 1987 मध्ये युनेस्कोने घारापुरीस जागतिक वारशात घेतले, आणि त्यानंतर ओघ वाढतच गेला.

आता लेण्याची जात लक्षात घ्या. खडक कोरून केलेले ते दालन आवाज गिळत नाही, परत फेकते. एक गाइड सात मीटर उंचीच्या सदाशिवापुढे उभा राहून इंग्रजीत सांगत आहे, दुसरा रावणानुग्रहाच्या शिल्पापाशी हिंदीत, तिसरा अर्धनारीनटेश्वरापुढे फ्रेंचमध्ये. आणि तिघेही एकमेकांवर मात करण्यासाठी आवाज चढवीत आहेत. अशा वेळी कोणाचेच कोणास कळत नाही. या अडचणीवर तोड म्हणून कानातला संच आला. पण तो तेथे पोचला कोणत्या वाटेने?

आपल्या गावगाड्यात पुष्कळांपर्यंत आवाज पोचविण्याची साधने दोन होती: दवंडी आणि कीर्तन. दवंडी पिटणारा एकच वाक्य दहा चौकांत दहा वेळा सांगे. कीर्तनकार एका जागी उभा राही आणि गाव त्याच्याभोवती गोळा होई. दोहोंतही सारा भार माणसाच्या छातीवर. पुढे वीज आली आणि ध्वनिक्षेपक आला. गांधी-नेहरूंच्या सभांच्या जुन्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर ‘शिकागो रेडिओ’ ही अक्षरे दिसतात. ते यंत्र पुरविणारी पेढी मोटवाने नावाच्या देशी गृहस्थांची होती. ध्वनिक्षेपकाने मैदान जिंकले. परंतु त्याला एक गोष्ट साधत नाही: एकाच मैदानात चार भाषांच्या माणसांस चार भाषांत एकाच वेळी सांगणे. त्यासाठी आवाज प्रत्येकाच्या कानात वेगळा सोडावा लागतो.

ही गरज प्रथम तीव्रतेने भासली ती कामगारांच्या दरबारात. पहिल्या महायुद्धानंतर 1919 साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना स्थापन झाली. वॉशिंग्टनला भरलेल्या तिच्या पहिल्या परिषदेस हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून आपले ना. म. जोशी गेले होते. या संघटनेत सरकारे, मालक आणि कामगार अशा तिघांचे प्रतिनिधी बसतात. वकिलातीतील मुत्सद्द्यास इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही दरबारी भाषा येत असत. परंतु खाणीतून किंवा गोदीतून निवडून आलेल्या कामगाराला स्वतःच्या बोलीखेरीज दुसरी भाषा कोठून येणार? एक भाषण संपावे, मग दुभाष्याने उठून ते दुसऱ्या भाषेत सांगावे, अशी रीत होती. त्यात दिवस जात, आणि ज्यास या दोन्ही भाषा येत नसत, तो परिषदेत बसूनही परिषदेबाहेरच राही.

बोस्टनचा एक व्यापारी एडवर्ड फायलीन याने यावर टेलिफोनची तोड सुचविली, आणि गॉर्डन फिन्ले या इंग्रज तंत्रज्ञाच्या मदतीने तिचे यंत्र सिद्ध केले. वक्ता बोलत असतानाच दुभाष्याने हलक्या आवाजात भाषांतर सांगावयाचे, तारेवरून ते प्रतिनिधीच्या कानापर्यंत जावयाचे. 1927 साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रमपरिषदेत याचा प्रयोग झाला. त्याच परिषदेस हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून व्ही. व्ही. गिरी उपस्थित होते. ते रेल्वे कामगारांचे पुढारी. पुढे 1969 मध्ये राष्ट्रपती झाले. पूर्णा जंक्शनच्या रेल्वे कामगारांनी हा दुवा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आणखी एक दुवा सांगतो. हा फायलीन 1907 साली हिंदुस्थानात आला होता. बंगालच्या खेड्यांतील सहकारी पतपेढ्या पाहून तो भारावला, आणि परत गेल्यावर अमेरिकेत पतसंस्थांच्या चळवळीचा एक मोठा पुरस्कर्ता झाला. म्हणजे आपल्या शेतकऱ्याची पतपेढी त्याने तिकडे नेली आणि कामगाराच्या कानाला यंत्र दिले. व्यापाऱ्याच्या हातून कामगाराचे असे भले क्वचित होते. जेथे झाले तेथे ते मोकळेपणाने मान्य करावे.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आपण कौतुकाने म्हणतो. या यंत्राची पुढची मोठी परीक्षा जर्मनीतच झाली. 1945 च्या नोव्हेंबरात न्यूरेंबर्ग येथे नाझी पुढाऱ्यांवर खटला उभा राहिला. न्यायाधीश चार राष्ट्रांचे. भाषा इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन. आयबीएम कंपनीने यंत्रसामग्री विनामूल्य दिली. दुभाष्याच्या हाताशी दोन दिवे असत: पिवळा लागला की वक्त्याने सावकाश बोलावे, तांबडा लागला की थांबावे. आरोपीही कानाला संच लावून आपल्यावरील आरोप आपल्या भाषेत ऐकत होते. ज्याला शिक्षा करावयाची, त्यालाही स्वतःच्या भाषेत ऐकण्याचा हक्क आहे, ही गोष्ट जगाने तेथे पाहिली. आपल्या लोकसभेत हिंदी व इंग्रजी यांचे असे चालू भाषांतर 1964 मध्ये सुरू झाले.

परिषदेतून आणि न्यायालयातून हे यंत्र कलादालनात गेले. 1952 साली ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात प्रेक्षकांस लहान रेडिओसंच देण्यात आले. व्याख्यानाची फीत एकीकडे फिरे आणि दालनातील सर्वांस ती एकाच वेळी ऐकू येई. परिणाम असा, की सारी मंडळी एकाच क्षणी एकाच चित्राकडे माना वळवीत, जणू कवायतच. 1957 च्या सुमारास अमेरिकेत हाइड पार्क येथील रूझवेल्ट यांच्या घरासाठी एलिनॉर रूझवेल्ट यांच्या आवाजात फीत तयार झाली. ती ज्याने त्याने आपल्या चालीने ऐकावी अशी सोय होती. येथे दोन वाटा फुटल्या. एका वाटेवर जिवंत गाइड आहे, यंत्र फक्त त्याचा आवाज पोचविते. दुसऱ्या वाटेवर आवाज एकदाच मुद्रित होतो आणि मग गाइडची गरज उरत नाही.

जहाजाच्या उतारूंनी बहुतांशी पहिली वाट धरली, आणि त्यास गर्दीने मदत केली. रोमला जाणारी जहाजे चिविताव्हेकिया बंदरात लागतात. तेथून उतारू रोमला जातात, आणि व्हॅटिकनच्या संग्रहालयात टोळीने जाणाऱ्यांस हा संच घेणे सक्तीचेच आहे. व्हेनिस शहराने 2024 साली गाइडांच्या ध्वनिक्षेपकांवर बंदी घातली आणि टोळीची मर्यादा 25 माणसांवर आणली. रहिवाशांच्या कानांस शांतता हवी, हे कारण उघड आहे. कानामागून आली आणि तिखट झाली, तशी ही वस्तू काही ठिकाणी सोयीची होती ती आता नियमाची झाली.

कामगार संघटनेत आयुष्य गेल्यामुळे आमची नजर आधी गाइडच्या गळ्याकडे जाते. मे महिन्याच्या उन्हात पायऱ्या चढून, दिवसातून तीनचार वेळा तेच व्याख्यान ओरडून देणे, हे अंगमेहनतीचेच काम आहे. हमालाची पाठ जशी झिजते, तसा गाइडचा घसा झिजतो. तो घसा यंत्राने वाचत असेल तर त्याचे स्वागत केले पाहिजे. मात्र मुद्रित आवाजाच्या वाटेने गाइडची भाकरीच गेली, तर ते घसा वाचविणे नव्हे. गाइडास प्रश्न विचारता येतो. फितीस विचारता येत नाही. गाइड काल ऐकलेली नवी माहिती आज सांगतो; फीत पहिल्या दिवशीचेच सांगत राहते. यंत्र माणसाच्या हाताखाली असावे की माणसाच्या जागी, हा आमच्या चळवळीचा जुनाच प्रश्न येथेही उभा आहे.

दुसरी गोष्ट आम्ही घारापुरीस प्रत्यक्ष पाहिली. आमच्याबरोबर मोंढ्यातील काही हमाल आणि जिनिंगमधील काही मजूर होते. गाइड करण्याइतके पैसे कोणाच्या गाठीस नव्हते. पूर्वी अशा वेळी आपल्या माणसांची एक युक्ती असे: दुसऱ्याच्या गाइडभोवती जी टोळी असेल, तिच्या काठावर उभे राहावयाचे आणि कानावर पडेल ते घ्यावयाचे. हिंदी असले तर बरेच कळे. इंग्रजी असले तरी ‘शिवा’, ‘गंगा’ एवढे शब्द धरून बोटाच्या दिशेने पाहता येई. त्या दिवशी जहाजाची एक मोठी टोळी सदाशिवापुढे उभी होती. गाइडचे ओठ हलत होते, चाळीस माणसे माना डोलावीत होती, आणि चार हातांवर उभ्या असलेल्या आमच्या मंडळींस अवाक्षर ऐकू येत नव्हते. एक वयस्क हमाल म्हणाले, “भाऊ, हे तर मुक्यांचं कीर्तन झालं की!”

त्या म्हाताऱ्याच्या बोलण्यात या साऱ्या इतिहासाचे सार आहे. ज्या यंत्राने जिनिव्हास बाहेरच्या कामगारास आत घेतले, तेच यंत्र लेण्यात काठावरच्या माणसास बाहेर ठेवू शकते. शाळा ज्यांस फार लाभली नाही, अशा आमच्यासारख्या पुष्कळांचे शिक्षण काठावर उभे राहूनच झाले आहे. सभेच्या मागच्या बाजूस, वाचनालयाच्या दारात, न्यायालयाच्या व्हरांड्यात जे कानावर पडले, त्यावर आम्ही वाढलो. सांडलेल्या आवाजाची किंमत तिकीट घेणाऱ्यास कळत नाही; ती वेचणाऱ्यास कळते.

यावर यंत्र मोडणे हा उपाय नाही. आपल्या मागण्या साध्या असाव्यात. सरकारी देखरेखीखालच्या प्रत्येक लेण्यात व किल्ल्यात ठराविक वेळी मराठीतून, उघड्या आवाजात आणि विनाशुल्क माहिती सांगणारा पगारी गाइड असावा. जेथे श्रवणसंच मिळतात, तेथे एक चॅनेल मराठीचा असावा आणि शाळांच्या व कामगारांच्या सहलींस तो फुकट मिळावा. आणि मुद्रित फीत ही गाइडच्या जोडीला असावी, त्याच्या बदली नसावी. जिंतूर तालुक्यातील चारठाण्याच्या जुन्या मंदिरांपाशी आज कोणतेही जहाज उतारू आणून सोडीत नाही. पण तेथे आपल्याच मुलांस दोन शब्द नीट सांगणारा माणूस नेमण्यास जहाजाची वाट कशास पाहावी?

तिसरी गोष्ट आपल्या सभागृहाची. हा कापसाचा जिल्हा. जिनिंगच्या खडखडाटात वर्षानुवर्षे उभे राहिलेल्या माणसाचा कान हळूहळू जातो. 1948 च्या कारखाना कायद्यातील व्यवसायजन्य रोगांच्या यादीत गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाची पुढे नोंद झाली, हे पुष्कळ मजुरांस ठाऊकही नव्हते. असा माणूस व्याख्यानास येतो, मागे बसतो, आणि इतर हसले की हसतो. जहाजाच्या उतारूस मिळणारा हाच संच त्यास दिला, तर आवाज हवा तितका वाढवून तो पहिल्या रांगेत बसल्यासारखा ऐकेल. वीसपंचवीस संच गावाने वर्गणीने घ्यावेत आणि दारात मागेल त्यास द्यावेत.

न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आपल्या गावोगावच्या व्याख्यानमाला तिच्याच लेकी आहेत. येथे दारावर तिकीट नसते. ज्यास बसावयाचे तो बसतो, ज्यास उभे राहावयाचे तो खिडकीपाशी उभा राहून ऐकतो, आणि त्यास कोणी हटकीत नाही. जगातील सारी नवी यंत्रे आपण घ्यावीत, परंतु खिडकीपाशी उभ्या असलेल्या त्या माणसापर्यंत आवाज पोचतो की नाही, याच मापाने ती मोजून घ्यावीत.